शेताकडे निघालेल्यांसाठी : हिजरत की पळवाट?

गेल्या काही वर्षांत नागपूरच्या मशिदींमध्ये जुम्याच्या नमाजनंतर इमामांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मोमिनपुरा, जाफरनगर किंवा कामठीतला एखादा गृहस्थ जवळ येऊन हळूच विचारतो, ‘मौलाना, शहरातले घर विकून काटोलकडे किंवा उमरेडकडे तीन-चार एकर शेत घ्यावे आणि तिथेच राहावे असे मनात आहे. दीनच्या दृष्टीने हे योग्य होईल का?’ विचारणारा कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी गॅरेजचा मालक, तर कधी संगणकासमोर बसून कंटाळलेला तिशीतला तरुण.

फिक्‌हच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : मुबाह, म्हणजे अनुमत. हलाल पैशाने जमीन घेणे आणि ती कसणे यात कोणतीही मनाई नाही. पण जे अनुमत असते ते प्रत्येकासाठी, प्रत्येक वेळी आणि कोणत्याही रीतीने केले तरी चांगलेच ठरते असे नाही. म्हणून ‘चालेल’ एवढे उत्तर देऊन हा प्रश्न संपत नाही. वाचकहो, तो खरे तर तिथून सुरू होतो.

आपण ज्या शहरातून निघू पाहतो, ते खेड्यांतूनच उभे राहिले आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इसवी सन १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले, असे इतिहास सांगतो. पुढे १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भोवतालच्या गावांतली माणसे सूत कातायला शहरात आली. उत्तर हिंदुस्थानातून मोमिन विणकर आले आणि त्यांच्या हातमागांनी इथले मोहल्ले भरले. २००२ मध्ये ती मिल कायमची बंद झाली. आज त्याच कामगारांची आणि विणकरांची नातवंडे उलट दिशेने पाहू लागली आहेत. माणसाने रोजीच्या शोधात किंवा मनःशांतीच्या शोधात जागा बदलणे ही नवी गोष्ट नाही. नवे आहे ते एवढेच, की आता आपण गावाकडे मजूर म्हणून नव्हे, तर पैसा घेऊन खरेदीदार म्हणून जात आहोत. या फरकातूनच आपल्या जबाबदाऱ्या निर्माण होतात.

शेतीचे मोल

इस्लाममध्ये शेतीला जे स्थान आहे ते सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचे स्मरण करून देणे उचित ठरेल. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसचा आशय असा, की एखाद्या मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने जे खाल्ले, ते त्या लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते. दुसऱ्या एका हदीसमध्ये आदरणीय प्रेषितांनी (स.) अशी शिकवण दिली आहे, की कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तरी शक्य झाल्यास ते लावून टाकावे. फळ खायला कोणी उरणार नाही हे दिसत असतानाही रोप लावायचे, यातून कर्माचे मोल परिणामावर अवलंबून नसते हे कळते.

सूरह अल्‌-वाकिआमध्ये (आयत ६३ ते ६५) अल्लाह शेतकऱ्याला त्याच्या पेरणीविषयी विचारतो, की ते उगवणारे तुम्ही आहात की आम्ही. शहरात पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो आणि माणसाला वाटू लागते, की रोजी देणारी कंपनीच आहे. मृगाचे नक्षत्र कोरडे जाऊ लागले आणि पेरलेले सोयाबीन मातीतच राहिले, की रज्जाक कोण आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. तवक्कुल ज्याला पुस्तकातून समजले नाही, त्याला ते विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीत समजू शकते.

दुसरी बाजू

परंतु प्रामाणिकपणा असा, की दुसऱ्या बाजूच्या हदीसही आपण झाकून ठेवू नयेत. सहीह बुखारीत हजरत अबू उमामा (रजि.) यांची रिवायत आहे. नांगर पाहून त्यांनी प्रेषितांचे (स.) जे वचन सांगितले त्याचा आशय असा, की हे साधन ज्या घरात शिरते तिथे हीनता शिरते. तिर्मिजीमध्ये शेतीवाडीच्या मोहात पडून दुनियेचे होऊन जाण्याविषयी इशारा आहे. रानात वस्ती करणाऱ्याचा स्वभाव राठ होतो, असाही आशय हदीसमध्ये आला आहे.

मग या दोन प्रकारच्या शिकवणींचा मेळ कसा घालायचा? इमाम बुखारींनी अबू उमामांची हदीस ज्या प्रकरणात घेतली, त्याच्या शीर्षकातच उत्तर आहे : शेतीच्या अवजारांत गुंतून जाण्याच्या आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडण्याच्या परिणामांविषयीचा तो इशारा आहे. दोष नांगरात नाही. नांगराने नमाज, जमाअत आणि माणसे यांची जागा घेतली, की दोष निर्माण होतो.

इमाम गजालींनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये एकांतवासावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. १०९५ मध्ये बगदादमधले मानाचे अध्यापनपद सोडून ते निघून गेले होते, म्हणून ते एकांताचीच बाजू घेतील असे वाटते. तसे झालेले नाही. एकांताचे लाभ त्यांनी एका पारड्यात मांडले आणि माणसांत राहण्याचे लाभ दुसऱ्यात. सर्वांसाठी एकच निर्णय देता येत नाही, तो माणसागणिक आणि परिस्थितीगणिक बदलतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. स्वतः तेही सुमारे अकरा वर्षांनी निशापूरमध्ये पुन्हा शिकवायला बसले.

म्हणून शेताकडे निघण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की मी कशाकडे जात आहे आणि कशापासून दूर जात आहे? सहीह बुखारीची पहिलीच हदीस नियतविषयी आहे. त्या हदीसमध्ये उदाहरण घेतले आहे ते जागा सोडण्याचे, म्हणजे हिजरतचे. दोन माणसे एकाच रस्त्याने, एकाच गावी जातात. एकाची हिजरत अल्लाहसाठी असते, दुसऱ्याची दुनियेच्या लाभासाठी, आणि प्रत्येकाला तेच मिळते ज्यासाठी तो निघाला. मोहल्ल्यातले भांडण, भावाशी दुरावा, मस्जिद कमिटीतला रुसवा किंवा म्हाताऱ्या आईच्या सेवेचा भार टाळण्यासाठी कोणी चार एकर घेत असेल, तर ती पळवाट आहे. शेत कितीही हिरवे असले, तरी ही ओझी त्याच्यासोबत तिथवर जातील.

इथे काही व्यावहारिक प्रश्न दीनचे प्रश्न बनतात. हनफी मसलकानुसार लहान खेड्यात जुम्याची नमाज होत नाही, तिथे जुहर पढावी लागते. मग दर शुक्रवारी तालुक्याच्या गावी जाण्याची तुमची तयारी आहे का? मुलांचे कुरआन-शिक्षण कोण करील? गावात मुसलमानांची दोनच घरे असतील, तर मय्यतच्या वेळी गुस्ल देणारे हात कुठून येतील? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्नीची संमती खरोखर घेतली आहे का? तान्ह्या मुलाचे दूध तोडण्यासाठीही आई-बापांनी परस्पर संमतीने आणि सल्ल्याने ठरवावे, असे कुरआन सांगतो (सूरह अल्‌-बकरा : २३३). दुधाच्या प्रश्नाला जिथे मशविरा हवा, तिथे सगळे घर हलवण्याच्या प्रश्नाला तो किती हवा! शेतातल्या एकांताचे स्वप्न बहुधा पुरुष पाहतो. पाणी, सरपण, सापाची भीती आणि माहेरच्या माणसांपासूनचे अंतर हे सारे बहुधा स्त्रीच्या वाट्याला येते.

मक्केहून मदिनेत

या विषयात आपल्यापुढे एक थोर उदाहरण आहे, आणि आपण ते या अंगाने क्वचितच पाहतो. मक्का हे व्यापाऱ्यांचे शहर होते. हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या दुआमध्ये (सूरह इब्राहीम : ३७) तिचे वर्णन शेती नसलेली दरी असे आले आहे. मदिना मात्र खजुरीच्या बागांचे गाव होते. म्हणजे मुहाजिर हे बाजारात वाढलेले शहरी लोक होते आणि अन्सार शेतकरी. शहरातून शेतीच्या गावात जाणारी जमाअत कशी वागली, हे पाहायचे तर याहून चांगले उदाहरण नाही.

अन्सारांनी आपल्या बागा अर्ध्या-अर्ध्या वाटून देण्याची तयारी दाखवली. प्रेषितांनी (स.) ते मान्य केले नाही. मग असे ठरले, की मुहाजिरांनी बागेत श्रम करावे आणि फळात वाटा घ्यावा. पुढे खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारली, तेव्हा त्यांनी अन्सारांनी वापरायला दिलेली झाडे परत केली, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी तर आपल्या अन्सारी भावाची अर्धी मालमत्ता दुआ देऊन नाकारली आणि बाजाराचा रस्ता विचारला. आपला हुन्नर कोणता, हे त्यांनी ओळखले होते. प्रत्येकाने शेतीच केली पाहिजे असे नाही, हेही यातून शिकता येते.

मदिनेतले लोक खजुरीचे परागण हाताने करीत. प्रेषितांनी (स.) त्याविषयी आपले एक मत व्यक्त केले, लोकांनी ते काम थांबवले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा त्यांनी सांगितले, की आपल्या दुनियेच्या व्यवहारातले तुम्ही अधिक जाणता. सहीह मुस्लिममधली ही हदीस गावाकडे निघालेल्या शहरी माणसाने नेहमी स्मरणात ठेवावी. अल्लाहच्या प्रेषितांनी बागाइतदारांच्या अनुभवाला हा मान दिला. मग मोबाइलवर चार चित्रफिती पाहून गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला शिकवायला निघालेला माणूस कोणत्या सुन्नतवर चालतो?

जमीन कोणाकडून आणि कशी

आता अवघड भागाकडे येऊ. नागपूर जिल्ह्यात जमीन स्वस्त मिळाली असे कोणी आनंदाने सांगतो, तेव्हा ती स्वस्त का मिळाली हा प्रश्न विचारला पाहिजे. विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. २००६ मध्ये पंतप्रधानांना सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. त्यांत शेजारचा वर्धा जिल्हाही होता. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, सावकाराचा तगादा, फळगळीने गेलेला संत्र्याचा बहर, अशा कारणांनी विकली जाणारी जमीन आपल्यासमोर येते.

कुरआनने व्यापार परस्परांच्या राजीखुशीने करायला सांगितले आहे (सूरह अन्‌-निसा : २९). बुडत्या माणसाने कागदावर केलेली सही ही राजीखुशी आहे का? फकीहांनी अगतिक माणसाच्या विक्रीचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यातून आपण घ्यायचा बोध सोपा आहे : अडलेल्याची जमीन रास्त भावाने घेणे ही मदत आहे, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडणे हा जुलूम आहे. दलाल जेव्हा कानात सांगतो, ‘पंधरा दिवस थांबा, पार्टी गरजू आहे, आणखी खाली येईल,’ तेव्हा तुमच्या ईमानची परीक्षा सुरू झालेली असते. त्या पंधरा दिवसांत वाचवलेले पैसे कोणत्या हिशेबात लिहिले जातील, याचा विचार करावा. ज्याला शक्य असेल त्याने त्याही आधी हा विचार करावा, की या माणसाला कर्जे हसना देऊन त्याची जमीन वाचवता येईल का?

दुसरा मुद्दा बहिणींचा. सातबारावर तीन भावांची नावे आहेत, बहिणींची नाहीत, किंवा त्यांनी हक्कसोडपत्र करून दिले आहे. ते त्यांनी मनापासून दिले, की माहेर तुटेल या भीतीने? आई-वडिलांच्या वारशात, तो थोडा असो वा फार, स्त्रियांचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे (सूरह अन्‌-निसा : ७). १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला. त्याचा आडोसा घेऊन आपल्यातलेही अनेक जण मुलींना शेतातून वगळत आले. कायद्याने सूट दिली म्हणून अल्लाहने सूट दिली असे होत नाही. विकणारा मुसलमान असो वा हिंदू, बहिणीच्या अश्रूंनी भिजलेली जमीन घेण्यापूर्वी चौकशी करणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे.

तिसरा मुद्दा खोट्या कागदाचा. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार, शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निर्बंध आहेत. भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीच्या हस्तांतरणाला सरकारची मंजुरी लागते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. यावर उपाय म्हणून काही जण कुठल्यातरी गावचा खोटा शेतकरी दाखला मिळवतात, आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावाने घेतात किंवा विक्रीपत्रात किंमत कमी दाखवतात. ‘सगळेच करतात’ हे उत्तर हश्रच्या मैदानात चालणार नाही. खोटी साक्ष ही महापापांत गणली गेली आहे. आणि ज्या शेतात सदक्याचे पुण्य मिळावे म्हणून झाड लावायचे, त्या शेताचा पहिला कागदच खोटा असेल, तर बरकत कुठून येईल? खरेदी-विक्रीत दोघे खरे बोलले आणि दोष उघड केले तर बरकत मिळते, लपवाछपवी केली तर ती पुसली जाते, ही हदीस प्रसिद्ध आहे.

चौथा मुद्दा धुऱ्याचा. वितभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गावाकडे धुरा रेटण्यावरून पिढ्यानुपिढ्या भांडणे चालतात. तुम्ही मोजणी करून घ्या, पण पूर्वीपासून शेजाऱ्याचा जाण्या-येण्याचा पांदण रस्ता तुमच्या कडेने असेल, तर तारेचे कुंपण घालून तो अडवू नका.

शेतात उतरल्यावर

शेत घेतले म्हणजे कसणारे हातही आले. निंदणाला आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायका, सालदार, रात्री रानडुकरांपासून पीक राखायला जागल करणारा माणूस, या सर्वांचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आहे. मजुरी हप्त्याच्या बाजारापर्यंत लांबवणे हा गावचा रिवाज असेल, पण तो आपला रिवाज असू नये.

शेत बटईने दिले, तर लक्षात ठेवा, की ज्या व्यवहारात मालक विशिष्ट तुकड्याचे पीक स्वतःसाठी राखतो, तो हदीसमध्ये निषिद्ध आहे. नाल्याकाठची काळी जमीन माझी आणि वरची बरड तुझी, असा करार होऊ शकत नाही. एकूण पिकात ठरलेला हिस्सा असावा, म्हणजे नफा दोघांचा आणि नुकसानही दोघांचे.

विहिरीला पाणी असेल, तर गरजेपेक्षा जास्तीचे पाणी रोखून धरू नये. पिकाचा हक्क कापणीच्या दिवशी द्यावा (सूरह अल्‌-अन्‌आम : १४१). पावसावर आलेल्या पिकात दहावा आणि श्रमाने पाणी दिलेल्या पिकात विसावा हिस्सा, हे उश्रचे प्रमाण हदीसमध्ये आले आहे. हिंदुस्थानातल्या जमिनींविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपल्या जमिनीचा मसला जाणकार मुफ्तींना विचारावा. मात्र मतभेदाचे निमित्त करून गरिबांचा वाटा गिळू नये.

सूरह अल्‌-कलममध्ये (आयत १७ ते ३३) अशाच बागवाल्यांची कथा आहे. गरिबांना चुकवण्यासाठी ते पहाटेच फळ तोडायला निघाले. पोहोचले तेव्हा बाग उजाड झाली होती. सूरह अल्‌-कह्‌फमधला (आयत ३२ ते ४४) दोन बागांचा मालक आपली बाग कधी नष्ट होईल असे वाटत नाही म्हणाला, आणि शेवटी खर्च आठवून हात चोळत बसला. कळमना बाजारात संत्र्याला भाव मिळाला, की हे आठवावे.

जे संत्रा लावणार आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. सहा मीटरवर लावले तर एकरात सुमारे ११० झाडे बसतात, पण कलम लावल्यापासून चांगले फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात. मग मृग बहर घ्यायचा की अंबिया हे ठरवून झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. ताण कमी झाला तर फूल येत नाही आणि जास्त झाला तर झाडच खचते. डिंक्या आणि फळगळ यांची टांगती तलवार असतेच. म्हणून व्याजाचे कर्ज काढून, घरातले सर्व दागिने विकून आणि दुसरी रोजी तोडून एकदम उडी घेऊ नका. आधी वर्षभर कोणाचे तरी शेत मक्त्याने घेऊन पाहा. नागपुरातल्या कृषी महाविद्यालयात किंवा लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत जाऊन विचारा. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण अशाच प्रसंगांसाठी आहे.

गावात तुम्ही कदाचित एकटेच मुसलमान असाल. शेजारी तुमचे निरीक्षण करतील. पोळ्याच्या दिवशी बैलांविषयी तुमची माया त्यांना दिसली पाहिजे, दुष्काळात तुमच्या विहिरीचे दार उघडे दिसले पाहिजे, व्यवहारात तुमचा शब्द पक्का दिसला पाहिजे. आज एकमेकांविषयी अफवा ऐकूनच मते बनतात. अशा काळात धुऱ्याला धुरा लागून राहणारा एक प्रामाणिक शेजारी जे काम करील, ते कोणतेही भाषण करू शकणार नाही. ही नियत मनात असेल, तर शेताकडे जाण्यात हिजरतचा सुगंध आहे.

शहराशी नातेही तोडू नका. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेऊन मूळ जमीन राखली आणि तिचे उत्पन्न गरीब, नातेवाईक, वाटसरू यांच्यासाठी वक्फ केले. चार एकरांतली पाच झाडे मोहल्ल्यातल्या मदरशाच्या किंवा विधवांच्या नावे काढणे कोणालाही कठीण नाही. आणि ज्यांना जाणे शक्य नाही, ज्यांच्यावर आई-वडिलांची, नोकरीची, मुलांच्या शाळेची जबाबदारी आहे, त्यांनी खंत करू नये. गच्चीतल्या कुंडीत किंवा मशिदीच्या आवारात लावलेल्या रोपावर बसणारा पक्षीही त्या हदीसमध्ये मोजला गेला आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल रोजी, शुद्ध नियत आणि दुसऱ्याचा हक्क ओळखणारी नजर देवो, आणि आमच्या हातून लागलेल्या प्रत्येक झाडाला आमच्यासाठी चिरंतन सदका बनवो. आमीन.